टायमिंग चेन कशी निवडावी

मंडळी, धाराशिवहून तुळजापूरला जा, नाहीतर कळंबच्या बाजाराला जा. रस्त्यानं मोटारसायकलीच मोटारसायकली दिसतात. मागच्या चाकाची साखळी सर्वांना ठाऊक आहे. पण इंजिनाच्या पोटात आणखी एक साखळी असते. ती बाहेरून दिसत नाही. तिला टायमिंग चेन म्हणतात.

तिचं काम काय? एकीनं भाकरी थापावी आणि दुसरीनं भाजावी, तसं इंजिनात चालतं. दोघींचा मेळ चुकला की भाकरी करपते. इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि पिस्टन वरखाली करतो. वर कॅम फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह म्हणजे हवा-पेट्रोल आत घेण्याचं आणि धूर बाहेर सोडण्याचं दार. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमच्या चाकीला दुप्पट दाते असतात. हा मेळ टायमिंग चेन राखते.

सर्वच गाड्यांत ही साखळी नसते. राजदूतच्या दोन-स्ट्रोक इंजिनात असे व्हॉल्व्हच नव्हते, म्हणून ही साखळीही नव्हती. जुन्या बुलेटमध्ये हे काम दातेरी चाकं करीत. स्प्लेंडर, पल्सर या गाड्यांत मात्र साखळी असते.

आता वेगाचा हिशेब पाहू. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली के.टी.एम. ३९० ड्यूक २०१३ साली आपल्या देशात विक्रीला आली. असं इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेतं, तेव्हा कॅम ४,५०० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदात ७५ फेरे! डोळ्याचं पातं लवायच्या आत हे दार कितीदा तरी उघडतं आणि मिटतं.

ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला गोफण फिरवतात. वेग वाढला की दोरी हाताला जास्त ओढते. वेग दुप्पट झाला, तर ओढ चौपट होते. साखळीचंही तसंच आहे. म्हणून शर्यतीचं इंजिन बांधणाऱ्यानं साखळी पारखून घ्यावी. जाड साखळी म्हणजे चांगली, असं समजू नये. जड साखळीला स्वतःचंच वजन ओढावं लागतं. साखळी मजबूत हवी, पण उगीच जड नको.

मिस्तरी म्हणतात, "चेन वाढली." लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. खिळ्या आणि बुश झिजतात. साखळीत ९० कड्या आहेत असं धरा. प्रत्येक जोडात मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला, तरी साखळी जवळजवळ एक मिलिमीटर वाढते. ढिली साखळी एखादा दाता ओलांडते. मग दार उघडं असताना पिस्टन वर येतो. बऱ्याच इंजिनांत तो व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टन फुटतो, आणि साखळीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

सेट घेताना हे पाहावे :

१. साखळी, दोन्ही चाक्या, गाईड आणि टेन्शनर एकत्र बदलावे. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी लवकर खराब होते.

२. कड्यांची संख्या, कडीची लांबी आणि रुंदी आपल्या इंजिनाप्रमाणेच असावी. पाकिटावरचा पार्ट नंबर वाचा. वाचता येतं त्याला नकली माल गळ्यात मारणं अवघड असतं. पक्की पावती मागून घ्या.

३. साखळीचा सांधा ठोकून पक्का केलेला असावा. क्लिपचा सांधा इथे चालत नाही.

४. टेन्शनर साखळीचा ताण राखतो. ताण फार ढिला असेल तर दाता चुकतो, फार घट्ट असेल तर गाईड झिजते.

बसवताना क्रँकची आणि कॅमची खूण जुळवावी. मग इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्या. त्यानंतरच ते सुरू करावे. इंजिन ऑईल वेळेवर बदलावे; घाण ऑईलने साखळी लवकर झिजते. वरून चरचर आवाज येऊ लागला, तर दुखणं अंगावर काढू नका.

एक गोष्ट तरुणांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ बनावट मनाला येईल तशी बदलता येत नाही. वेग वाढवलेलं इंजिन शर्यतीच्या बंद मैदानावर शोभतं. नळदुर्गच्या रस्त्यावर लेकरं असतात, गुरं असतात, उसाची ट्रॅक्टरं असतात. साखळी तुटली तर दुसरी मिळते. माणूस दुसरा मिळत नाही.

सांगा पाहू :

१. चेन "वाढते" म्हणजे काय होते?

२. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेते. कॅम किती फेरे घेईल?

३. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ऑईल कधी बदलावे म्हणून लिहिले आहे? वाचून वहीत उतरवा.