दूरचे चार ग्रह

नांदेड शहर गोदावरीच्या काठी वसले आहे. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजराही पुढे याच नदीला मिळते. गोदावरीच्या उगमाकडे, त्र्यंबकेश्वर व नाशिक येथे, गुरू सिंह राशीत आला म्हणजे सिंहस्थ पर्व येते. गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास सुमारे १२ वर्षे लागतात. म्हणून हे पर्वही सुमारे १२ वर्षांनीच येते.

शनी गुरूहून दूर आहे. त्याची फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची. त्याचे ‘शनैश्चर’, म्हणजे हळूहळू चालणारा, हे नाव यथार्थच आहे. एक राशी ओलांडण्यास त्याला सुमारे अडीच वर्षे लागतात. मनुष्याची स्वतःची राशी, तिच्या आधीची व नंतरची, अशा तीन राशींची मिळून साडेसात वर्षे होतात. लोक ज्या साडेसातीला भितात, तिच्या मुळाशी शनीची ही संथ गती आहे.

गुरू व शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांच्या पलीकडचा प्रजापती अथवा युरेनस १७८१ साली हर्शेलने दुर्बिणीतून शोधला. वरुण अथवा नेपच्यून १८४६ साली गणिताच्या आधारे सापडला. वरुणाची फेरी १६५ वर्षांची. शोधानंतरची पहिली फेरी २०११ साली पुरी झाली.

या चौघांत मोठे साम्य आहे. त्यांतील सर्वांत लहान वरुणाचा व्यासही पृथ्वीच्या जवळजवळ चौपट आहे. पाय ठेवावा अशी भूमी एकावरही नाही. वर हायड्रोजन व हेलियम वायूंचे दाट आवरण असते. परिभ्रमण संथ, परंतु परिवलन वेगवान! गुरू १० तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, तर वरुण सुमारे १६ तासांत. चौघांनाही अनेक चंद्र आहेत.

कडी मात्र एकट्या शनीलाच आहेत, असा दीर्घकाळ समज होता. १० मार्च १९७७ रोजी प्रजापती एका ताऱ्याजवळून जात असता त्या ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावला. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतही हे टिपले गेले. प्रजापतीलाही कडी आहेत, हे त्यावरून कळले. पुढे व्हॉयेजर यानांनी १९७९ साली गुरूची व १९८९ साली वरुणाची कडी दाखविली.

ज्या शनीचे लोकांना भय वाटते, तो अशा रीतीने चार भावंडांपैकी एक ठरला. ज्ञान वाढले, की अकारण भीती ओसरते.

स्वाध्याय
१. सिंहस्थ पर्व सुमारे १२ वर्षांनी का येते?
२. चारही ग्रहांतील साम्ये लिहा.
३. ‘परिभ्रमण’ व ‘परिवलन’ यांतील भेद सांगा.