‘पाच’मधला च आणि मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण

पांढुर्णा आणि सौसर तहसिलींतल्या बोलीचा अभ्यास करणारे विद्यार्थी आता मुलाखती मोबाइलवरच मुद्रित करतात. सोय मोठी आहे. मात्र आवाज कोणत्या साच्यात साठवला, ही नोंदही प्रबंधात यायला हवी. आपल्या बोलीबाबत तेवढ्याने निष्कर्ष बदलू शकतो.

मराठी माणूस आकडे मोजताना ‘चार’मधला च तालव्य उच्चारतो, ‘पाच’मधला दंततालव्य. हिंदीत ‘चार’ आणि ‘पाँच’ दोन्हींत तालव्यच. हिंदी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांच्या तोंडी ‘पाच’चा च टिकला आहे का, हा आपल्या सीमाभागात विचारण्याजोगा प्रश्न आहे.

दंततालव्य च सुटताना स सारखे घर्षण होते. त्याचा जोर साधारण 4,000 हर्ट्झच्या वर असतो. तालव्य च चे घर्षण श सारखे, त्याहून खालचे. जुन्या टेलिफोनचा पट्टा 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच. बोलणे समजावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. त्यासाठी सेकंदाला 8,000 नमुने, प्रत्येकी 8 बिट, म्हणजे 64 किलोबिट लागत. मोबाइलला तेही जड. तेव्हा आवाजाची लहर जशीच्या तशी न पाठवता घसा आणि तोंड यांची पोकळी त्या क्षणी कशी आहे, याचे थोडे आकडे पाठवायचे आणि पलीकडे आवाज पुन्हा घडवायचा, ही युक्ती कामी आली. या कामात बेल प्रयोगशाळेतले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ बिष्णू अटल अग्रणी होते. त्यांनी आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1985 मध्ये मांडलेल्या पद्धतीवर मोबाइलचे कितीतरी कोडेक उभे आहेत. त्यांपैकी एएमआर 20 मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घेतो आणि सेकंदाला 4.75 ते 12.2 किलोबिटांत बोलणे बसवतो.

स्वर यात चांगले टिकतात, कारण त्यांची ओळख पटवणारे अनुनाद बहुतेक 3,400 च्या आतच असतात. ‘डोळा’ म्हटले की ‘डोया’, हे अशा मुद्रणातही बहुधा कळते. ‘पाच’च्या च चे घर्षण मात्र पट्ट्याबाहेर राहते आणि दोन च मधला फरक पुसट होतो. मग हिंदीचा प्रभाव म्हणून आपण जे नोंदवू, ती कोडेकची करामत असू शकते.

एएमआरची फाइल नंतर वेव्हमध्ये बदलली तर ती फुगते. गेलेला आवाज परत येत नाही. मूळ मुद्रण 44,100 नमुने, 16 बिट, एका वाहिनीचे वेव्ह ठेवावे. मिनिटाला सुमारे 5.3 मेगाबाइट लागतात. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता ते बरेच आटते. पाठवण्यापुरते ओपस वापरावे. 2012 मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत 16 ते 20 किलोबिटांतही 8,000 हर्ट्झपर्यंतचा पट्टा सांभाळते. आणि प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी बोलणाऱ्याकडून एक ते दहा मोजून घ्यावेत.