कुंपणाकडेचा तरवड

सोहळ्यासाठी मैदान साफ करताना कुंपणाकडेची झुडपे उपटून टाकावीत, असे आम्हीच मुलांना सांगितले होते. तेव्हा वसतिगृहातील एक विद्यार्थी म्हणाला, “सर, हा तरवड आहे. याच्या सालीनं आमचे पणजोबा कातडं कमवायचे.” इतिहास शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, परंतु या झुडपाचा इतिहास आम्ही वर्गात कधी सांगितला नव्हता. म्हणून हा पाठ.

तरवड हे आपल्या दख्खनच्या माळावरील मूळचे झुडूप. सोलापुरात वर्षाकाठी सरासरी सुमारे 550 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. तरीही मुरमाड बांधावर, कोणी पाणी न घालता, तरवड पिवळाधमक फुलतो. शेळ्यामेंढ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस त्याचा मोठा बहर असतो.

या फुलात मध नसतो. पाहुण्यांना मिळतात ते पराग. तेही परागकोशात कोंडलेले असतात आणि त्याच्या टोकावरील बारीक छिद्रांतूनच सुटतात. काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवितो, तेव्हा ते बाहेर उडतात. काही पराग तो नेतो, काही त्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर पोहोचतात. मोहोळाच्या मधमाशीला ही युक्ती साधत नाही. वांग्याच्या फुलाचे परागही अशाच थरथरीने सुटतात आणि तुरीच्या फुलांवरही हा भुंगा येतो. बांधावरचा तरवड उपटला, तर भुंग्याचा एक आधार जातो आणि त्याची झळ शेतालाही लागते.

आता इतिहास. तरवडाच्या सालीतील तुरट द्रव्याने कातडे टिकाऊ होते. मद्रास इलाख्यात या सालीने कमावलेली कातडी 19व्या शतकात इंग्लंडला जात. पुढे दक्षिण आफ्रिकेहून येणाऱ्या वॅटलच्या सालीने तिची जागा घेतली. गावोगावी साल कुटणारे आणि कातडे कमावणारे हात मात्र अस्पृश्य मानले गेले. त्यांनी शिवलेली मोट विहिरीचे पाणी शेताला देई. त्याच विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे. हे रसायन त्यांना अनुभवाने अवगत होते, पण त्या ज्ञानाला कोणी विद्या म्हटले नाही.

याच फुलाला आपल्या सोलापुरातील तेलुगू विणकर कुटुंबे तंगेडू म्हणतात आणि बतुकम्माच्या सणात मानाने रचतात. तेलंगणाचे ते राज्यपुष्प आहे. फूल एकच, एका घरी त्याचा सण झाला, दुसऱ्या घरी त्याच्या सालीचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला विटाळ आला.

झुडपे आम्ही राखली आहेत. माजी विद्यार्थ्यांनी सोहळ्यास येताना सकाळी थोडे लवकर यावे, कुंपणापाशी उभे राहून भुंग्याचा गुंजारव ऐकावा. आणि ज्यांच्या घरी हे काम होत असे, त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून त्याची रीत लिहून आणावी. ती आम्हांला वर्गात शिकवायची आहे.