गणितात गुण कमी, तरी विज्ञान शाखा घ्यावी का?



दहावीचा निकाल लागला की गट ऑफिसात ऊस नोंदीच्या बरोबरीने हाही विषय निघतो. "पोरीला विज्ञानात ७८ पडले, पण गणितात ४८च. सायन्सला घालावं का?" चार माणसे चार सल्ले देतात आणि "गणित नाही तर सायन्स नाही" म्हणून पोरीची वाट तिथेच बंद होते. एवढा मोठा निर्णय एका आकड्यावर घेऊ नये. गणित नेमके कशात कच्चे आहे आणि पुढच्या विज्ञानाला त्यातले काय लागते, ते आधी पाहावे.

भूमितीच्या सिद्धता जमल्या नाहीत म्हणून गुण गेले असतील, तर रसायनशास्त्राचे त्यावाचून फारसे अडत नाही. पण अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर, घातांक आणि साधे समीकरण कच्चे असेल, तर अकरावीत पहिल्याच महिन्यात गाडी रुतते.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. युरियाच्या गोणीवर नत्र ४६ टक्के लिहिलेले असते. हा आकडा आला कोठून? युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नत्राचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. त्यांचे अणुभार अनुक्रमे १२, १६, १४ आणि १. आता बेरीज करा :

१२ + १६ + २८ + ४ = ६०

यात नत्र २८. म्हणून २८ ÷ ६० × १०० = ४६.७ टक्के. गोणीवर ४६ ची हमी देतात.

आता उलटा हिशेब. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. १०० ÷ ०.४६ = सुमारे २१७ किलो युरिया; ४५ किलोच्या पाच गोण्यांना थोडा कमी. हा युरिया हप्त्याहप्त्याने द्यायचा असतो, हे आपण जाणताच. अकरावीत 'मोल' ही संकल्पना येते आणि पोरे घाबरतात. त्यातला हिशेब याच जातीचा आहे.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतही तेच. रसाचा ब्रिक्स २० म्हणजे १०० ग्रॅम रसात विरघळलेले पदार्थ २० ग्रॅम. त्यात साखर, म्हणजे पोल, १७ असेल तर शुद्धता १७ ÷ २० × १०० = ८५ टक्के.

आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. त्या शास्त्राचा पाया मेंडेल यांनी १८६६ साली छापलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांत आहे. एका प्रयोगात जांभळ्या फुलांची झाडे ७०५ आणि पांढऱ्या फुलांची २२४ निघाली. ७०५ ÷ २२४ = ३.१५, म्हणजे जवळजवळ तीनास एक. केवढा मोठा शोध, आणि गणित भागाकाराचे!

विषय निवडताना

अकरावी विज्ञानाला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही किंवा त्यांतले एक घेता येते. वैद्यकीयच्या 'नीट' परीक्षेत गणिताचा पेपर नाही. कृषी पदवीच्या सीईटीला जीवशास्त्राचा गट चालतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांचीही वाट मोकळी राहते. मात्र गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट बहुधा बंद होते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार २०१८ पासून जालन्यात आहे. तिथल्या रासायनिक अभियांत्रिकीवर डोळा असेल तर गणित ठेवलेच पाहिजे. आणखी एक ध्यानात असू द्या : गणित विषय सोडला तरी भौतिक आणि रसायनशास्त्रातली आकडेमोड सुटत नाही.

सुट्टीतला अभ्यास

१. सहावी ते आठवीची गणिताची पुस्तके काढावीत. प्रत्येक धड्याची पाच-पाच उदाहरणे पुस्तक मिटून सोडवावीत. जिथे अडते तिथेच कच्चा दुवा आहे. तिथून पुढे चालावे.

२. रोज एक तास, पण रोज. आठवडाभर काही नाही आणि रविवारी सहा तास, असे करू नये.

३. चुकलेली उदाहरणे वेगळ्या वहीत उतरून आठ दिवसांनी पुन्हा करावीत.

४. अकरावी विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मराठी माध्यमाच्या मुलांना गणित येते, पण नाव कळत नाही. गुणोत्तराला 'रेशो', घाताला 'पॉवर', आलेखाला 'ग्राफ' अशी यादी आताच पाठ करावी.

५. उत्तरापुढे किलो, ग्रॅम, लिटर हे एकक लिहायची सवय लावावी. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

महागड्या क्लासचे पैसे भरण्याआधी एवढे दोन महिने करून पाहा. आपल्याला गणित येत नसले तरी चालेल. संध्याकाळी पोराला किंवा पोरीला जवळ बसवा, खताची गोणी आणि उसाचे बिल समोर ठेवा आणि म्हणा, "हे मला समजावून सांग." टनाला दर, वजावट, हाती आलेली रक्कम हे न अडखळता सांगता आले, तर विज्ञान शाखेचा फॉर्म बिनघोर भरा. अडखळले, तर कुठे अडखळले त्याची खूण करा आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथून सुरू करा.