आधी नुसतं पनवेल

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. दिवा स्थानकात हॉर्न वाजला की कान दाबून खाली बसतो. सहलीला कसं न्यायचं?

उत्तर : ताई, सवय व्हावी म्हणून त्याला लोकलच्या गर्दीत ढकलू नका, तो आवाज त्याला खरोखर सोसत नाही. त्याऐवजी रोह्याची मेमू घ्या, ती दिव्याहूनच सुटते. लवकर जाऊन खिडकी धरा, कानांवर हेडफोन, डब्यात रोजचंच खाणं. त्याआधी एखाद्या निवांत दुपारी फलाटाचे फोटो काढून आणा आणि रोज क्रमाने दाखवा : जिना, फलाट, गाडी, घर. शेवटचं चित्र घराचंच हवं. परत कधी जायचं हे न कळणं अनेक मुलांना गोंगाटाहून जड जातं. पहिल्या खेपेला पनवेलला उतरून परत या, तीही सहलच! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर आताच काढून घ्या.