वायपर ढिला, मोटर चालू

प्रश्न : अकोल्यातील जुन्या मारुती ८०० चे वायपर पावसात मध्येच थांबतात, मोटर मात्र फिरते. उपाय काय?

उत्तर : अशा वेळी दोष बहुधा स्पिंडलपाशी, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या पोलादी आसापाशी असतो, त्याच्या बारीक दात्यांवर दांड्याचे मऊ धातूचे बूड नटाने आवळलेले असते आणि नट सैल झाला की आधी झिजते ते हे बूडच. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की रबर कडक होते, आणि धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवल्यास सारा ताण या दात्यांवर येतो. वायपर मूळ जागी थांबवून नट काढावा, तारेच्या ब्रशने दाते स्वच्छ करावेत व दांडा पूर्ववत बसवून नट बेताने आवळावा. बुडातील दाते गुळगुळीत झाले असल्यास मात्र पत्र्याची पट्टी दडपून भागवणे धोक्याचे आहे. अमरावती रस्त्यावर भर पावसात समोरचे दिसेनासे होण्यापेक्षा मृगापूर्वीच नवा दांडा घालावा.