परसांतील कोंबड्या : दात्यांस व नवशिक्यांस कांहीं सूचना

दुष्काळानें उठलेल्या कुटुंबास दिलेलें धान्य महिन्याभरांत सरतें. कोंबड्या दिल्यास घरांत अंडीं येत राहतात, ह्या समजुतीनें अनेक उदार सद्गृहस्थ पक्षी वांटतात. हेतु स्तुत्य आहे. परंतु जेथें खुराडें नाहीं व लस टोंचलेली नाहीं, तेथें दिलेले पक्षी एका पावसाळ्यांत नाहींसे होतात आणि गरिबाच्या पदरीं निराशाच पडते. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ह्या बाजूंस ज्या वाड्यांस व पाड्यांस अजून परस उरलें आहे, तेथील नवशिक्यांकरितां व त्यांच्या दात्यांकरितां आम्ही पुढील माहिती देत आहों.

प्रथम महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयांत नियमांची चौकशी करावी व शेजाऱ्यांची संमति घ्यावी. नंतर खुराडें बांधावें, आणि पक्षी त्यानंतरच आणावे. दहा कोंबड्यांस २० चौरस फूट जागा पुरते. उपनगरांत वर्षाकाठीं २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून जोतें दीड फूट उंच असावें व छपराची वळचण ३ फूट पुढें काढावी. लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन आंत कमी शिरतें. भिंत फूटभर उंच बांधून वर बारीक जाळी लावावी, म्हणजे वारा खेळतो. घुशी पोखरूं नयेत म्हणून जाळी जमिनींत फूटभर पुरावी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत मुंगूस, रानमांजर व बिबट्या ह्यांचें भय असतें. सबब दिवेलागणीपूर्वीं सर्व पक्षी आंत घेऊन दार पक्कें लावावें.

जमिनीवर ३-४ इंच भाताचें तूस पसरावें व तें एक दिवसाआड खालीं-वर करावें. भिजलेलें तूस लगेच काढून तेथें चुना भुरभुरावा. ओलाव्यानें रक्ती हगवण लागते व दुर्गंधि सुटते. शेजाऱ्यांच्या तक्रारीही त्यांतूनच उद्भवतात.

एक दिवसाचीं पिलें दान देऊं नयेत. पहिल्या आठवड्यांत त्यांस सुमारें ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, व ती पुढें दर आठवड्यास ५ अंशांनीं कमी करावी लागते. हें पत्र्याच्या झोपडींत साधणें कठीण. सहा ते आठ आठवड्यांचे, लस टोंचलेले पक्षी द्यावे. हैदराबादची वनराजा व बंगळूरची गिरिराजा ह्या जाती परसास योग्य आहेत. गोरेगांवच्या आरे वसाहतींत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. तेथें चौकशी करावी. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहींत; म्हणून पिलें हवीं असल्यास एक-दोन गांवठी कोंबड्या बाळगाव्या. खुडूक कोंबडीखालीं दहा-बारा अंडीं ठेवावीं. २१ दिवसांनीं पिलें निघतात. केवळ खाण्याच्या अंड्यांकरितां कोंबडा लागत नाहीं.

मोठी कोंबडी दिवसास १०० ते १२० ग्रॅम खाते. कण्या, भाजीचा पाला व किडे हे तिला चालतात, परंतु बुरशीचें धान्य कदापि देऊं नये. टरफल कठीण होण्यास शिंपल्यांचा चुरा द्यावा. पाणी दिवसांतून दोनदां बदलावें.

मानमोडीनें सारा कळप दोन-चार दिवसांत मरूं शकतो. तिच्या लसीचे थेंब पहिल्या आठवड्यांत, व टोंचणी सुमारें आठव्या आठवड्यांत द्यावी. लस बर्फांत ठेवूनच आणावी. नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. मेलेला पक्षी विकूं वा खाऊं नये. एकाएकीं अनेक पक्षी मेल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लू उद्भवला, तेव्हां लाखों पक्षी मारावे लागले, हें विसरूं नये.

व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांस आमची नम्र विनंती अशी कीं, पक्ष्यांबरोबर खुराडें, लस व पहिल्या दोन महिन्यांचें खाद्य ह्यांचाही खर्च त्याच दानांत धरावा. त्यामुळें थोड्या कुटुंबांस देणें होईल, पण दिलेलें टिकेल. दानाचा हिशेब वांटलेल्या पक्ष्यांवरून न करितां, पुढील पावसाळा संपल्यावर त्या घरीं किती पक्षी उरले ह्यावरून करावा.